रिकाम्या खुर्चीची वर्गणी

महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू
यांस,

विद्यापीठांत प्रौढ शिक्षणाचं काम करणाऱ्या प्राध्यापकांची एक लहानशी संघटना आहे. मी तिची बरीच वर्षं खजिनदार होते. आपल्यापैकी काहींना ती आठवत असेल. अधिवेशनाच्या उद्घाटनाला आपण आला होता, शाल-श्रीफळ स्वीकारलं होतं, प्रौढ शिक्षण ही काळाची गरज आहे असं म्हणाला होता आणि पुढच्या कार्यक्रमाची वेळ झाली म्हणून चहाआधीच निघाला होता. त्याबद्दल तक्रार नाही, कुलगुरूंचा दिवस कसा जातो ते मला ठाऊक आहे. पण आपण गेल्यावर त्या सभागृहात काय होतं, ते आपल्याला कधी दिसलं नाही. म्हणून हे पत्र.

आपण गेल्यावर वार्षिक सर्वसाधारण सभा होते. नोटिशीत वेळ दुपारी 4 ची असते. चार वाजता अध्यक्ष घड्याळाकडे बघतात, सचिव डोकी मोजतात आणि गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते. साडेचारला तीच सभा, त्याच खोलीत, त्याच माणसांना घेऊन पुन्हा भरते, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही असं आमच्या घटनेत लिहून ठेवलं आहे. मधल्या अर्ध्या तासात चहा. माझ्या आठवणीत आमची एकही सभा पहिल्या फटक्यात झालेली नाही. आधी मला याची लाज वाटायची. पुढे लक्षात आलं, की संघटनेचं खरं काम त्या अर्ध्या तासातच होतं. त्यावर येतेच, पण आधी खजिनदाराचं रडगाणं ऐकून घ्या.

आपल्या राज्यात अशी संघटना दोन कायद्यांखाली नांदते. 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा. कार्यकारिणीत एक माणूस जरी बदलला तरी 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. जुन्याचा राजीनामा, नव्याची संमती, सभेच्या ठरावाची प्रत, शपथपत्र. एका चेंज रिपोर्टचा निकाल लागेपर्यंत दुसरा बदल होऊन बसलेला असतो. बँक म्हणते, आधी धर्मादायची नोंद दाखवा, मग सह्या बदलू. एका वर्षी आमच्या खात्यावर सहीचा अधिकार असलेल्या तिघांपैकी एक निवृत्त झालेले, एक आपल्या मूळ विभागात परत गेलेले आणि तिसरी मी. चेकवर दोन सह्या लागायच्या. खात्यात पैसे होते, काढता येत नव्हते. त्या वर्षीचा वार्षिक अंक मी पगारातून छापून घेतला आणि देणगीची पावती माझ्याच नावानं माझ्याच हातानं फाडली.

आजीव सदस्यत्वाची आमची चूक तर अस्सल मास्तरी. सुरुवातीच्या काळात कोणीतरी ठराव मांडला, की वर्गणी गोळा करण्याची दरवर्षीची कटकट नको, एकदाच रक्कम घ्या आणि माणसाला जन्माचा सदस्य करा. टाळ्या वाजल्या. रक्कम कायम निधीत टाकून फक्त व्याज खर्च करायचं हे घटनेत नव्हतं, त्यामुळे दोन अधिवेशनांत ती उडाली. मग उरले आजीव सदस्य, ज्यांच्याकडे आता काही मागता येत नाही आणि ज्यांना अंक मात्र पोस्टानं पाठवावा लागतो. जुन्या आजीव सदस्यांची यादी वाचताना माझ्या लक्षात यायचं, की यातले बरेचसे आता हयात नाहीत, पण नाव कमी करण्याचा ठराव मांडायला कोणी धजत नाही.

आता मुद्द्याचं बोलते. इतके चेंज रिपोर्ट का भरावे लागतात? माणसं का बदलतात? याचं उत्तर आपल्या कार्यालयातून निघणाऱ्या एका ओळीच्या आदेशात आहे. "पुढील आदेशापर्यंत आजीवन अध्ययन व विस्तार विभागाच्या संचालकपदाचा अतिरिक्त कार्यभार अमुक यांच्याकडे सोपवण्यात येत आहे." अमुक रसायनशास्त्राचे असतात, वाणिज्यचे असतात, एकदा भूगोलाचे होते. माणसं वाईट नसतात. त्यातले भूगोलाचे तर इतके मन लावून काम करत, की दीड वर्षात त्यांनी तालुक्यातल्या निरक्षर वस्त्यांचा नकाशा केला. मग पुढील आदेश आला, ते मूळ विभागात गेले आणि नकाशाही त्यांच्याबरोबर गेला. प्रभारी संचालक संघटनेचा पदसिद्ध सदस्य होतो, कार्यकारिणीवर येतो, चेंज रिपोर्टवर सही करतो आणि आम्ही त्याचं नाव पाठ करेपर्यंत जातो.

ही पदं मुळात आली कुठून, तेही सांगते, कारण आपल्या आस्थापना विभागात हल्ली ते कोणाला माहीत असतं असं दिसत नाही. दिल्लीत भारतीय प्रौढ शिक्षण संघ 1939 मध्येच निघाला होता, पण विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघायला 1962 उजाडलं, तोही जयपूरला, राजस्थान विद्यापीठात. 1977 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विस्ताराला अध्यापन आणि संशोधनाच्या पंक्तीला बसवलं. पुढच्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1978 ला, राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत 15 ते 35 वयाच्या दहा कोटी लोकांना साक्षर करायचं होतं. आकडा ऐकून आमच्या पिढीच्या अंगावर रोमांच आले होते. त्या लाटेवर विभाग निघाले, आयोगाच्या पैशातून पदं आली.

मग नावं बदलत गेली. आमच्या विभागाच्या माळ्यावर चार पाट्या होत्या. पहिली "प्रौढ शिक्षण", दुसरी "प्रौढ व निरंतर शिक्षण", तिसरी "प्रौढ, निरंतर शिक्षण व विस्तारकार्य", चौथी "आजीवन अध्ययन व विस्तार". शेवटच्या पाटीत प्रौढ हा शब्दच नाही. बारावी पंचवार्षिक योजना 2017 मध्ये संपली आणि त्यानंतर योजनाच उरल्या नाहीत. योजनेतून आलेली काही पदं राज्यानं घेतली, काही माणसांबरोबरच निवृत्त झाली. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्ताराचं स्वतंत्र मंडळ आहे, म्हणजे कायद्याला आमची आठवण आहे. मंडळाच्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. बसायला माणूस अतिरिक्त कार्यभारावर येतो.

आणि आमची चूक? आहे, मोठी आहे. सिरिल हूल नावाचे शिकागो विद्यापीठात प्रौढ शिक्षणाचे प्राध्यापक होते. त्यांनी सतत काही ना काही शिकत राहणाऱ्या 22 मोठ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि 1961 मध्ये त्यावर छोटंसं पुस्तक काढलं. त्यांना तीन तऱ्हेची माणसं सापडली. काही जण ठरावीक उद्दिष्टासाठी शिकतात, काही जण माणसांच्या संगतीसाठी वर्गात येतात आणि थोडे जण शिकण्याच्याच ओढीनं शिकतात. हे आम्ही चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं. स्वतःच्या संघटनेला लावून पाहिलं नाही.

लावून पाहा, लख्ख दिसतं. पदोन्नतीसाठी गुण मोजायची पद्धत आली तसे आमच्या अधिवेशनाला पहिल्या तऱ्हेचे सदस्य वाढले. त्यांना शोधनिबंध वाचल्याचं प्रमाणपत्र हवं होतं, तेही पहिल्या दिवशी दुपारपर्यंत, कारण पाचची गाडी असायची. एका अधिवेशनात मी नोंदणीच्या टेबलावर बसले होते, तेव्हा एका सद्गृहस्थांनी सरळ विचारलं, "मॅडम, निबंध नाही वाचला तरी प्रमाणपत्र मिळेल ना?" शुल्क भरलं होतं. मी दिलं. खजिनदार होते ना. शिल्लक वाढली आणि संघटना पातळ झाली, दोन्ही गोष्टी एकाच पावतीपुस्तकातून. यात आपला दोष नाही, आमचाच आहे.

अमेरिकेत या विषयाच्या प्राध्यापकांनी 1957 मध्ये आपलं मंडळ काढलं, केलॉग फाउंडेशनच्या मदतीनं. हूल त्यांच्यातलेच. ते जमले आणि त्यांनी स्वतःला विचारलं, की आम्ही जे शिकवतो त्यात आमचं स्वतःचं काय आहे? की मानसशास्त्रातून, समाजशास्त्रातून उसनं आणलेलं सगळं? 1964 मध्ये त्याचं पुस्तक झालं, त्याला तिकडे आजही "काळं पुस्तक" म्हणतात. आपल्याकडेही 1966 मध्ये निरंतर शिक्षणासाठी विद्यापीठांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली होती, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. तिकडचं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारून पुस्तक व्हायला सात वर्षं लागली आणि त्या सात वर्षांत पुन्हा पुन्हा जमायला तीच माणसं लागली. आमच्या कार्यकारिणीत सात वर्षं टिकलेल्या दोन व्यक्ती. एक मी आणि दुसरा आमचा शिपाई, तोही पदाधिकारी नव्हता.

तरीसुद्धा ती अर्ध्या तासाची तहकुबी. तिच्यात काय घडायचं, त्यातलं एक सांगते.

1986 ची गोष्ट आहे. माण तालुक्यात एका वाडीवर आमचं केंद्र होतं. पाट्या, फळा, एक कंदील आणि घासलेटचा कोटा. रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चाललं होतं, बाया दिवसभर माती वाहून रात्री वर्गाला यायच्या. मी पाहायला गेले तेव्हा केंद्र चालवणारा मुलगा वाचनपाठातलं पहिलं चित्र दाखवून अक्षर काढून घेत होता. एक आक्का पाटी मांडीवर पालथी घालून बसल्या होत्या. मी म्हटलं, आक्का, निदान सही तरी शिका, अंगठा लावायला नको. त्या म्हणाल्या, "सही येती की मला. सही करूनच तर फसले. सहीच्या वर काय लिवलंय ते वाचायला शिकव."

सहीच्या वर मस्टर होतं. कामावरचा हजेरीपट. आठवड्यातले सहा दिवस माती वाहिलेली, कागदावर चार, आणि त्या चार दिवसांच्या खाली त्यांची स्वतःची सही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामावरच्या कारकुनाकडून कोरा हजेरीपट मागून आणला. त्याला वाटलं आम्ही तपासणीला आलो, त्यानं एकाऐवजी तीन दिले. त्या कागदावरून धडा बेतला. पहिला शब्द "हजर". काना नाही, मात्रा नाही, तीन साधी अक्षरं. त्यात "द" मिळवला, की "दर" येतो, आणि मजुरीचा दर कोणाला वाचायला नको असतो? चार अक्षरांत दोन कामाचे शब्द. "गैरहजर" चार दिवसांनी घेतला, कारण दोन मात्रा डोक्यावर एकदम ठेवायच्या होत्या. "रक्कम" मधलं जोडाक्षर मात्र तीन आठवडे हटून बसलं. आकडे त्यांना तोंडी यायचेच, बाजार केलेल्या बाया त्या, फक्त ते चौकटीत कुठे असतात ते दाखवावं लागलं. सहाव्या आठवड्यात आक्कांनी कामावर मस्टर हातात मागून घेतलं आणि बोट ठेवून वाचलं. पुढे काय झालं ते लांबण आहे, कारकुनाची बदली झाली इतकंच सांगते. केंद्रातली हजेरी मात्र दुप्पट झाली.

हे मी त्या वर्षीच्या सभेत, तहकुबीच्या चहावर, चारपाच जणांना सांगितलं. व्यासपीठावर नाही, तिथे कोणाचं तरी बीजभाषण झालं होतं. कोकणातल्या एका सहकाऱ्यानं तिथल्या तिथे बशी बाजूला ठेवून वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी तो आला तेव्हा त्याच्याकडे मासळी विकणाऱ्या बायांचा धडा होता, लिलावाच्या चिठ्ठीवरून बेतलेला. तिसऱ्या वर्षी सोलापूरच्या बाई विडी कामगारांचं कार्ड घेऊन आल्या. कारखान्यातून किती पान दिलं, किती तंबाखू दिला, किती विड्या परत घेतल्या, नापास किती केल्या, हे त्या कार्डावर असतं आणि बायांना वाचता येत नाही. नापासचा आकडा वाचता आला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. मग आम्ही ते तिन्ही धडे एकत्र सायक्लोस्टाइल करून वाटले. शाईनं माझी साडी खराब झाली होती.

कुलगुरू महोदय, संघटना म्हणजे हे. एका वाडीवरचा धडा दुसऱ्या बंदरावर जातो, तिथे बदलतो आणि तिसऱ्या गावी अजून शहाणा होतो. त्यासाठी नोंदणी, घटना, पावतीपुस्तक हा सगळा पसारा. आणि त्यासाठी ज्यानं बशी बाजूला ठेवून लिहून घेतलं, तोच माणूस पुढच्या वर्षी यावा लागतो. तो आलाच नाही, त्याच्या जागी नवे प्रभारी आले, तर आम्ही पुन्हा "हजर" पासून सुरुवात करतो.

ते धडे, केंद्रांच्या वह्या, बायांनी स्वतः लिहिलेल्या पहिल्या चिठ्ठ्या एका विभागात गोदरेजच्या कपाटात ठेवलेल्या होत्या. कुठल्या विद्यापीठात ते सांगत नाही. नवे प्रभारी आले, मूल्यांकन समितीची भेट जवळ आलेली, खोली स्वच्छ दिसायला हवी होती. त्यांनी कपाट रिकामं केलं. रद्दी किलोवर गेली. मला कळलं तेव्हा मी रिक्षा करून रद्दीवाल्याकडे गेले, तोवर गोण्या पुढे गेल्या होत्या. त्यांना दोष कसा देऊ? त्यांना त्यात कागद दिसले. त्यांचा विषय वेगळा.

आज परिस्थिती काय आहे ते आपण जाणताच. केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला उल्लास म्हणतात, 2022 ते 2027 असा पाच वर्षांचा आहे, खर्च 1037.90 कोटी रुपये. प्रौढ शिक्षण हा शब्द काढून सर्वांसाठी शिक्षण असं म्हणायचं ठरलं आहे. सगळा भार शाळा आणि स्वयंसेवकांवर. आपल्याकडे 2023 मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणाचं काम शाळेच्या शिक्षकांवर आलं, तेव्हा त्यांच्या संघटनांनी बहिष्कार घातला होता. मुलांना शिकवू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि मला ते पटलं होतं. शेवटी 17 मार्च 2024 ला परीक्षा झाली. वाचन, लेखन, अंकगणित, प्रत्येकी 50 गुण. नातवाचा हात धरून आजी परीक्षेला आल्याचे फोटो छापून आले, छान होते. त्या 150 गुणांत मस्टर होतं का, रेशनच्या दुकानातल्या यंत्रातून निघणारी पावती होती का, बचत गटाच्या कर्जाचं हप्तापत्रक होतं का, हे विचारायला ज्यांनी तिथे असायला हवं, ती माणसं आपल्या विद्यापीठांत आहेत. किंवा होती. 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या स्त्रियांचं साक्षरतेचं प्रमाण 75.87 टक्के निघालं. उरलेल्या चौथाईला काय वाचायचं आहे, ते त्यांना विचारण्याचं शास्त्र असतं आणि त्या शास्त्राचे प्राध्यापक असतात, ही गोष्ट आपल्या आवारात 8 सप्टेंबरला साक्षरता दिनाचा फलक लावतानाच फक्त आठवते.

एरवी विभागाकडे मुलं येतात ती गुणांसाठी. मुंबई विद्यापीठात विस्तारकार्याच्या 120 तासांना 10 गुण मिळतात. गुणांत गैर काही नाही, हूलच्या पहिल्या तऱ्हेनंच पुष्कळ जण दारात येतात. पण दारात आलेल्याला आत नेणारा माणूस तिथे लागतो ना.

मागणं एकच आहे आणि पैशाचं नाही. अधिवेशनाला अनुदान नको, तुमचं सभागृहही नको, आम्ही कुठल्या तरी शाळेत भरवू. संचालकपदी पूर्णवेळ, या विषयात काम केलेला माणूस नेमा आणि त्याला निदान पाच वर्षं हलवू नका. नेमणं आज शक्य नसेल, शासनाची मान्यता अडली असेल, तर ज्याला कार्यभार देता त्याच्या आदेशातून "पुढील आदेशापर्यंत" काढून तिथे तारीख घाला. आमच्या वार्षिक सभेला त्याला कर्तव्यरजा द्या आणि परत आल्यावर प्रमाणपत्र मागू नका. काय लिहून आणलंस, एवढं विचारा. कपाटाला हात लावण्याआधी विभागातल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारायचं, हा नियम करायलाही व्यवस्थापन परिषद लागत नाही.

मी आता खजिनदार नाही. हिशेबाच्या वह्या, पासबुक आणि धर्मादाय कार्यालयाच्या पोचपावत्या एका पिशवीत भरून नव्या खजिनदारांकडे दिल्या. तरुण मुलगी आहे, कंत्राटी आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. पिशवी देताना मी तिला पहिल्यांदा चेंज रिपोर्टचा नमुना दाखवला. ती म्हणाली, "मॅडम, माझ्याच नावाचा दुसरा पण आत्ताच भरून ठेवू का?"

आपली,
एक माजी खजिनदार

ता. क. — आमच्या घटनेप्रमाणे विद्यापीठांनाही संस्था-सदस्य होता येतं. आपल्यापैकी बहुतेकांची वर्गणी थकलेली आहे. स्मरणपत्रं "संचालक" या पदनावानं गेली होती, त्यातली बरीच "पद रिक्त" असा शेरा होऊन परत आली. ती पाकिटंही त्याच पिशवीत आहेत.